आवडली म्हणायचं नाही

आगाशेबाईंवर माझा राग आहे. तो का आहे हे सांगितलं की घरच्यांसकट सगळे बाईंचीच बाजू घेतात, म्हणून शेवटी लिहायला बसलो. दिवाळी अंक वाचणारी माणसं फुरसतीत असतात. निदान मधेच तोडणार नाहीत.

बाईंनी मला फसवलं असतं तर मी तक्रार केली नसती. फसवणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला चांगलं येतं. बाईंनी त्याहून वाईट केलं. मी जे बोललो ते त्यांनी खरं मानलं. माझी उमेदीची सगळी वर्षं जागांच्या धंद्यात गेली. तिथं समोरच्यानं माझ्या शब्दावर जसाच्या तसा विश्वास ठेवल्याचा प्रसंग तोवर कधी आला नव्हता. आला तो नेमका मला स्वतःला जागा हवी होती तेव्हा.

मी जागांचा एजंट. आताची मुलं गळ्यात ओळखपत्र अडकवून या कामाला काहीतरी भारदस्त नाव देतात. आमच्या वेळी लोक दलाल म्हणायचे आणि म्हणताना कारलं चावल्यासारखं तोंड करायचे. पेठांमधल्या भाड्याच्या जागा हा माझा माल. खोली रिकामी असलेला मालक आणि खोली शोधणारा माणूस एकाच गल्लीत राहत असले तरी एकमेकांना सापडत नाहीत. कारण पेठेतल्या मालकाला जागा रिकामी झाल्याचा बोभाटा झालेला चालत नाही. त्याला ते घरातल्या लग्नाच्या मुलीसारखं वाटतं. चांगलं स्थळ गुपचूप चालत यावं, आपण सांगत फिरू नये. ते सांगत फिरण्याचं काम माझं.

या धंद्यात मला कुणी आणलं नाही. शिरूर तालुक्यातून पुण्याला आलो तेव्हा मंडईत लिंबू-कोथिंबिरीच्या गाळ्यावर कामाला लागलो. पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांना म्हणालो, "घ्या, लिंबू चांगलं हाय." त्यांनी लिंबू बोटांत फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, "लिंबू चांगलं आहे. बोलण्याचं बघा काहीतरी." आणि लिंबू न घेता गेले. त्या दिवशी मी या शहरावर जो राग धरला तो पुढे बरीच वर्षं पोसला. गाव सुटलं, लिंबू सुटलं, 'हाय'सुद्धा सुटलं, पण राग सोडला नाही. कष्टानं कमावलेली वस्तू अशी टाकून देता येत नाही.

गाळ्यावर येणाऱ्या बायका कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करताना सगळं बोलतात. कुणाचा भाडेकरू सोडून चालला, कुणाच्या माळ्यावरची खोली मोकळी झाली, कुणाला कसलं माणूस हवं. मी ते ऐकायचो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचो. सुरुवातीला फुकट. मग एका मालकानं खूश होऊन हातावर काही ठेवलं, तेव्हा कळलं की कोथिंबिरीपेक्षा हा माल बरा. सुकत नाही आणि पाणीही मारावं लागत नाही.

जम बसल्यावर स्कूटर घेतली आणि चूक केली. स्कूटरवर मागे बसलेल्या गिऱ्हाइकाला एजंटाची कॉलर तेवढी दिसते. त्यात पेठांमधले रस्ते निम्मे एकेरी. समोर दिसणाऱ्या घराला जायला चार चौक फिरून यावं लागतं, आणि आल्यावर गाडी लावायला जागा नाही. म्हणजे जागा बघण्याआधीच 'इथं जागा नाही' हे गिऱ्हाइकाच्या मनात बसलं. स्कूटर विकली आणि पायी दाखवायला सुरुवात केली. मग धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कळली. गिऱ्हाइकाला जागा दाखवायची नसते, तिथपर्यंतचा रस्ता दाखवायचा असतो.

पेठेतली दोन खोल्यांची जागा शेवटी दोन खोल्यांचीच असते. ओटा, मोरी, खिडकी, खिडकीतून शेजाऱ्याची भिंत. त्यात दाखवण्यासारखं काय आहे? पण सकाळी मंडईतून निघावं, तोंडलीचे ढीग बघत बोहरी आळीत शिरावं, तिथं दोऱ्या, बादल्या, चाळण्या, घमेली रस्त्यावर आलेली असतात त्यातून वाट काढावी, सोन्या मारुती चौक ओलांडावा, फडके हौदावरून कसब्यात वळावं. तोवर गिऱ्हाइकाच्या बायकोनं एक चाळणी घेतलेली असते, नवऱ्यानं चहा प्यायलेला असतो आणि दोघांनी मनात संसार मांडलेला असतो. मग जागेतली मोरी लहान असली तरी चालते.

एकदा बाणेरकडच्या कंपनीतला एक मुलगा आला. चालताना नजर फोनवर. म्हणाला, "अंकल, मॅप सात मिनिट दाखवतोय. आपण ऑलरेडी किती वेळ चालतोय?"

मी म्हणालो, "मग मॅपकडूनच घे जागा." आणि त्याला चौकात उभा करून निघून आलो. रागाच्या बाबतीत माझा हिशोब रोखीचा असतो. घरी आल्यावर मंगल, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आणखी एक गिऱ्हाईक पोचवलंत का देवाघरी?" दोन दिवसांनी त्या मुलाचा फोन आला. "अंकल, परवा ते पितळी समयांचं दुकान होतं ना, त्या साइडनीच जाऊ या का?" त्यानं जागा घेतली. अजून तिथंच आहे. फोन अजून हातात असतो, पण आता लोकांना धडकत नाही.

रस्ता दाखवून झाला की दुसरा नियम. तो मी प्रत्येकाला जिना चढायच्या आधी खालीच बजावायचो. जागा आवडली म्हणायचं नाही. मालकासमोर तर नाहीच, जिन्यातही नाही, कारण पेठेतल्या जिन्याला कान असतात. चेहरा मंडईत भाव विचारताना असतो तसा ठेवायचा. आत गेल्यावर पहिली नजर छताकडे, ओल शोधायची. मग नळ सोडून बघायचा आणि काही न बोलता बंद करायचा. न बोलता हे महत्त्वाचं. मालकाला वाटतं, पाण्यात काय दिसलं याला? खिडकी उघडायची, 'हं' म्हणायचं आणि लावायची. कुणाच्या तोंडून कौतुक निसटायला लागलं की मी खोकायचो. एका कौतुकानं भाडं किती वर जातं ते मला माहीत होतं.

मालकही कच्चे नव्हते. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळाजवळ एक निवृत्त गृहस्थ होते. नाव सांगत नाही, त्यांचे चिरंजीव वकील आहेत. ते भाडेकरूला विचारत, आंघोळ किती वाजता करता, पाहुणे कुठल्या गावचे, दार लावताना आवाज होतो का. एकदा माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "अहो, भाडेकरू ठेवताय की जावई शोधताय?"

ते शांतपणे म्हणाले, "जावयाला इतके प्रश्न विचारले नव्हते. म्हणून आता विचारतो."

तणतणत बोळाच्या तोंडापर्यंत आलो आणि हसू फुटलं. ते कुणाला दिसू नये म्हणून चपलेचा अंगठा तुटल्यासारखं करून खाली वाकलो. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. ज्या शहरावर राग धरलाय त्याच्या बोलण्यावर हसू यायला लागलं की माणूस गेलाच.

हे हळूहळू झालं. कुठल्या बोळात सकाळी कुठल्या बाजूला सावली असते हे धंद्यासाठी पाठ केलं होतं, गिऱ्हाइकाला घाम येऊ नये म्हणून. मग गिऱ्हाईक नसतानाही त्या सावलीतून चालायला लागलो. कुंभारवाड्यात गणपतीच्या आधी माती कधी येते, शिंपी आळीतल्या कुठल्या पायरीवर बसलेलं चालतं आणि कुठल्या पायरीवर बसलं की आतून "काय हवंय?" येतं, हे कळायला लागलं. पत्ता विचारला की इथला माणूस आधी "कुणाकडे?" विचारतो, मग "कशासाठी?" विचारतो, मग "ते आत्ता घरी नसतात" असं सांगतो आणि शेवटी स्वतः चार पावलं चालून घर दाखवतो. पहिली तीन वाक्यं ऐकून मी पूर्वी भांडायचो. नंतर चौथ्या पावलापर्यंत थांबायला शिकलो.

सगळ्यात जीव जडला तो तांबट आळीवर. तांब्याची भांडी घडवून झाल्यावर ती मठारतात, म्हणजे छोट्या हातोडीनं ठोकून ठोकून पत्रा घट्ट करतात आणि त्यावर त्या चकाकत्या टिकल्या उमटतात. सकाळी एका घरात ठोका सुरू होतो, मग पलीकडच्या घरात, मग समोर. तीन-चार हातोड्या मिळून एक लय धरतात. मधेच एक थांबते, बहुतेक चहासाठी, आणि परत शिरते ती नेमकी जागेवर. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण माझं पाऊल तिथं आपोआप ठोक्यावर पडायचं. कुठलंही गिऱ्हाईक, कुठलीही पेठ असो, मी तांबट आळीतून वळसा घालूनच नेऊ लागलो. नारायण पेठेत जायचं असलं तरी! धंद्याची युक्ती म्हणून काढलेला लांबचा रस्ता आता मला स्वतःलाच लागत होता.

आणि मी राहत होतो कुठं, तर धायरीला. लिफ्ट आहे, गेट आहे, वॉचमन आहे. खाली उतरून चालायला लागलं की वॉचमन विचारतो, "काका, गाडी बिघडली का?" लोकांना पेठेत घरं देऊन मिळवलेल्या पैशांतून मी पेठेबाहेर घर घेतलं. तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, मी काम जवळजवळ बंद केलं, तरी रोज सकाळी बसनं शहरात यायचो आणि पेठांमधून फिरून परत जायचो. मंगल म्हणायची, "ज्या गावात राहायचं नाही त्या गावाला रोज हजेरी लावणारा माणूस पहिल्यांदाच बघते." गुडघे कुरकुर करायला लागले तेव्हा तिनंच म्हटलं, "तिकडंच एखादी जागा बघा. हा फ्लॅट भाड्यानं देऊ. मलाही मंडई जवळ पडेल." मी म्हणालो, "बघू." पण त्या रात्री झोप लागली नाही.

तांबट आळीच्या तोंडाशी आगाशेबाईंची इमारत आहे. दोन मजली, सिमेंटची, साधी. बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. आता एकट्या पहिल्या मजल्यावर राहतात आणि दुसरा मजला भाड्यानं देतात. त्यांचे दोन भाडेकरू मीच आणून दिले होते. दुसऱ्या मजल्याला आळीच्या बाजूनं गॅलरी आहे. लोखंडी कठडा, दोन खुर्च्या मावतील एवढी. येता-जाता मी त्या गॅलरीकडे बघायचो. किती बघायचो ते बाईंना ठाऊक होतं हे मला नंतर कळलं.

फोन त्यांनीच केला. "थोरात, वरची जागा मोकळी होतेय. कुणी चांगलं असेल तर सांगा." भाड्याचा आकडाही सांगितला.

"आहे एक जण," मी म्हणालो. "उद्या येतो."

मंगलला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "एक ऐका. तिथं एजंट होऊन जाऊ नका. आवडली तर आवडली म्हणा. नाहीतर मला बरोबर न्या, मी म्हणते."

"तुला धंद्यातलं काय कळतं?" मी म्हणालो. हे वाक्य ती अजून मला दिवसातून एकदा तरी ऐकवते.

दुसऱ्या दिवशी गेलो. बाईंनी किल्ली लावून दार उघडलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. आत उजेड होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या घराची कौलं आणि त्यांवर वाळत घातलेली मिरची दिसत होती. गॅलरीचं दार उघडं होतं आणि खालून ठोके येत होते. माझं पाऊल ठोक्यावर पडायला लागलं. आणि त्याच क्षणी, सवयीनं, मान वर गेली. छताकडे.

"कोपऱ्यात ओल दिसतेय," मी म्हणालो.

"ती सावली आहे. पंख्याची," बाई म्हणाल्या.

मी नळ सोडला आणि काही न बोलता बंद केला.

"पाण्याला काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. अगदी तसंच, जसं मी लोकांना शिकवायचो. मग खिडकी उघडली, 'हं' म्हणालो, लावली. मोरी लहान म्हणालो. जिना उभा म्हणालो. दुपारचं ऊन थेट गॅलरीत येणार म्हणालो. बाई ऐकत होत्या. शाळेत मुलाचं चित्र बघताना बघत असतील तशा माझ्याकडे बघत होत्या. तिथंच थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी रंगात आलो होतो. इतक्या वर्षांनी स्वतःसाठी घासाघीस करायला मिळत होती. गॅलरीत उभा राहिलो, कठड्यावर हात ठेवला, तो उन्हानं कोमट होता, आणि म्हणालो, "आणि हा आवाज! दिवसभर हे ठण ठण. माणसाचं डोकं उठायचं. या आवाजामुळं तरी भाड्यात फरक करायला हवा, बाई."

बाईंनी विचारलं, "जागा कुणासाठी बघताय?"

"माझ्यासाठीच. म्हणजे, बघतोय. घाई नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि किल्ली फिरवली.

मी खूश होऊन जिना उतरलो. आता नियमाप्रमाणे थांबायचं. मालकाचा फोन येईपर्यंत आपण करायचा नाही. पहिला फोन करतो तो हरतो. घरी आल्यावर मंगलनं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हणालो, "गार केलंय. आठवड्यात खाली येतील." ती म्हणाली, "जिना उतरून?" मला तिचे विनोद कळत नाहीत.

त्याच आठवड्यात मला एका जुन्या गिऱ्हाइकाची भाची भेटली. अश्विनी, लातूरची, इथल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागली होती. लग्न नुकतंच झालेलं, नवरा गावाकडचं काम आटपून मागून येणार होता. मी काम बंद केलंय असं सांगितलं, पण मामांच्या शब्दाखातर नारायण पेठेतल्या दोन जागा दाखवायला निघालो. इतकं वाईट गिऱ्हाईक मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. खाली सगळे नियम समजावून सांगितले, मुलीनं मान डोलावली, वर गेली आणि मालकिणीसमोर म्हणाली, "अय्या, किती छान खिडकी आहे!"

मी खोकलो.

"आणि हे फडताळ! माझ्या आजोळी अस्संच होतं."

मी जोरात खोकलो. ती वळून म्हणाली, "काका, खोकला बरा दिसत नाहीये. आलेपाक देऊ? पर्समध्ये आहे." आणि दिलासुद्धा. मालकिणीनं तिथल्या तिथं भाडं वाढवून सांगितलं.

बाहेर आल्यावर मी तिला रस्त्यातच झापलं. "अगं, तोंडाला कुलूप लाव जरा. जगात कुणी असं व्यवहार करतं का?"

ती म्हणाली, "पण काका, मला आवडली होती ना. खोटं कशाला बोलायचं?"

माझं डोकं इतकं तापलं की ते थंड करायला मला एकच उपाय माहीत होता. मी मंडईला वळलो आणि माझ्या नेहमीच्या वाटेनं चालायला लागलो. ती आपली पाठोपाठ. बोहरी आळी, सोन्या मारुती, फडके हौद. तिनं वाटेत एक झारी घेतली. तांबट आळीत शिरलो तेव्हा माझा राग उतरला होता, आणि मागे वळून बघतो तर मुलगी नाही. ती आगाशेबाईंच्या इमारतीखाली उभी होती. एका हातात झारी, डोळे मिटलेले, मान ठोक्यावर हलत होती.

"काका," ती ओरडली, कारण ठोक्यांत ओरडावंच लागतं, "मला इथं राहायचंय! हे रोज ऐकायला मिळालं पाहिजे!"

वरून आवाज आला, "खरंच?"

आगाशेबाई पहिल्या मजल्याच्या खिडकीत होत्या.

मी खोकलो. देवाशप्पथ सांगतो, इतका खोकलो की एका तांबटानं हातोडी थांबवून पाणी विचारलं.

"डोकं नाही उठायचं?" बाईंनी विचारलं.

"अहो, डोकं कशाला उठेल? झोप लागेल छान!"

"मग वर या," बाई म्हणाल्या. "तुम्हीही या, थोरात. तुमची ब्रोकरी घ्या."

ब्रोकरी मी घेतली नाही. एवढीच माझी त्या व्यवहारातली शान. अश्विनी गॅलरीत गेली, दुपारच्या उन्हात उभी राहिली आणि म्हणाली, "इथं गोधड्या काय मस्त वाळतील!" तिनं भाड्यात एक रुपयाही कमी करून मागितला नाही. तरी बाईंनी मला सांगितला होता त्याहून कमी आकडा तिला सांगितला.

ती कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला खाली गेली तेव्हा मी बाईंवर फुटलो. "बाई, मी आधी बघितली होती जागा. मला विचारायची तरी पद्धत?"

"तुम्हाला पसंत नव्हती ना?"

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच म्हणालात. ओल, मोरी, जिना, ऊन आणि आवाज. आवाजावर तर फारच बोललात." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "इतका त्रास होत असेल तर माणसाला तिथं राहायला कसं सांगायचं? बरं दिसतं का ते?"

"अहो, तसं बोलायचं असतं! व्यवहारात बोलतात तसं!"

"मी कुठे व्यवहार करत होते?" बाई म्हणाल्या. "गॅलरीकडे बघत जाणारा माणूस मी कितीतरी वर्षं खिडकीतून पाहतेय. म्हणून पहिला फोन तुम्हाला केला. म्हटलं, विचारावं. तुम्ही नाही म्हणालात."

घरी जाऊन मंगलला सांगितलं. ती हसेल, भांडेल, काहीतरी करेल असं वाटलं होतं. तिनं निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मी पडद्यांचं माप विचारायचं म्हणत होते तुम्हाला." एवढंच. मग मेथी पुन्हा पुढ्यात ओढली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला उत्तरं सुचतात.

म्हणून माझा बाईंवर राग आहे. लोक म्हणतात, चूक तुमची. असेल. पण मी विचारतो, व्यवहाराच्या काही रीती असतात की नाही? ओल म्हटलं की मालकानं 'नाही' म्हणायचं, आवाज म्हटलं की 'सवय होते' म्हणायचं, आपण उठून निघाल्यासारखं करायचं, त्यांनी 'अहो बसा' म्हणायचं. बाईंनी 'अहो बसा' म्हटलंच नाही. इतक्या वर्षांत मला या शहरानं टोमणे मारले, दारातून परत पाठवलं, माझं बोलणं सुधारलं. ते सगळं मी झेललं. पण त्यानं मला खरं मानलं, हे काही मला झेपलेलं नाही.

अश्विनी दर गुरुवारी चहाला बोलावते. ती माझे गुडघेही बघते, फुकट. गुडघ्यांसाठी जावं लागतं म्हणून मी जातो. ती आत चहा करते तेव्हा मी गॅलरीत खुर्चीवर बसतो. खालून ठोके येत असतात आणि माझी बोटं कठड्यावर चालू असतात. मागे एकदा आगाशेबाई वर आल्या होत्या. माझ्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "काय थोरात, आवाजाचा अजून त्रास होतो का?"

आता म्हणून टाकावं असं वाटलं. जिभेपर्यंत आलं होतं. पण तोंडातून निघालं, "थोडा."

"थोडा?" बाई दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. "त्या दिवशी डोकं उठत होतं. आता थोडा. म्हणजे उतरलात की."

मी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा अगदी कोरा. मंडईत भाव विचारतानाचा. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाई घासाघीस करत होत्या.

"पोरीचा करार अकरा महिन्यांचा आहे," त्या खाली आळीकडे बघत म्हणाल्या. "मग नवऱ्याची बदली बंगलोरला होणार आहे म्हणते. मला काही घाई नाही. तुम्ही आणखी थोडं खाली या."

तेव्हापासून हे चालू आहे. मंगलला सांगितलं तर ती म्हणाली, "आता तरी एका दमात हो म्हणून या, नाहीतर मी जाते." मी तिला म्हटलं, थांब, यात तू पडू नकोस. एकदम सगळं देऊन टाकलं तर समोरच्याला गोडी राहत नाही. पडद्यांचं माप मात्र मी गुपचूप घेऊन आलोय.

जिना उभा असला तरी कठडा धरून चढता येतो, हे मी मान्य केलंय. मोरी दोन माणसांना पुरते, हेही. ओल म्हणजे पंख्याची सावली होती, हे मागच्या महिन्यात सोडलं. गेल्या गुरुवारी उन्हावर आलो. बाई म्हणाल्या, "बोला." मी बराच वेळ घेतला, चहा संपवला, आणि म्हणालो, "थंडीत बरं असतं."

आता फक्त आवाज राहिलाय. तो मी शेवटपर्यंत हातात ठेवणार आहे.